एक जूनची जन्मतारीख

कायदा कसा तयार होतो हा धडा मी सोयरिकीवरून शिकवायचो. शिरूरच्या ज्युनियर कॉलेजात माझ्याकडं राज्यशास्त्र होतं. वर्गातली बहुतेक पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येणारी. संसद म्हणजे टीव्हीवर एकमेकांवर ओरडणारी माणसं, एवढीच त्यांची कल्पना. म्हणून मी म्हणायचो, विधेयक म्हणजे आलेलं स्थळ समजा. पहिलं वाचन म्हणजे स्थळ आलंय एवढं घरात सांगणं, त्यावर कुणी काही बोलत नाही. मग जाणत्या माणसांना मुलाच्या गावी चौकशीला धाडतात, ती समिती. दुसरं वाचन म्हणजे याद्यांची बैठक: कपडे कुणी करायचे, जेवण कुणाकडं, मानपान किती, एकेका ओळीवर वाद. तेच कलमवार चर्चा. तिसऱ्या वाचनाला यादीत काही बदलायचं नाही, फक्त हो की नाही ते सांगायचं.

हे सगळं झालं की तोच कागद दुसऱ्या सभागृहात जातो, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या घरी, आणि तिथं पहिल्यापासून तेच सगळं पुन्हा. घाईगर्दीत एका घराच्या नजरेतून सुटलं ते दुसऱ्याच्या नजरेत यावं म्हणून दोन घरं. दोघांचं जमेना तर एकाच सतरंजीवर बसतात, ती संयुक्त बैठक, आणि तिथं ज्यांची डोकी जास्त त्यांचं चालतं. डोकी जास्त असतात लोकसभेची. पैशाच्या विधेयकात मात्र राज्यसभा रुसलेल्या मामासारखी. चौदा दिवस तोंड फुगवून बसायची मुभा, कार्य अडवायची नाही. शेवटी राष्ट्रपतींची सही. आणि सही झाली तरी तिथी निघाल्याशिवाय मांडव पडत नाही, म्हणजे राजपत्रात तारीख जाहीर झाल्याशिवाय पुष्कळसे कायदे लागू होत नाहीत.

पोरं हसायची. परीक्षेत बरोबर लिहायची. शेजारच्या खोलीतले अर्थशास्त्राचे सर मला म्हणायचे, तुमचा वर्ग म्हणजे करमणूक आहे. मलाही माझं कौतुक वाटायचं. आता त्या धड्याची शिसारी येते.

दोन हजार सहाच्या जुलैत बारावीच्या वर्गात हे सगळं सांगून झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्यात नवरी कुठं असती?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "नवरी म्हणजे जनता." टाळ्या पडल्या. ती बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं हे दिसत होतं.

बाकी सगळी पोरं मला सर म्हणायची, ती एकटी गुरुजी म्हणायची. कारण मी तिचा पहिलीचाही मास्तर. नोकरीची सुरुवात मी न्हावऱ्याच्या बाजूला एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत केली होती. नंतर बाहेरून बीए, एमए, बीएड करत करत शिरूरला आलो. तिचं घर त्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर. आजोबाच्या वेळेपर्यंत मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरणारं घर, बापानं मेंढरं कमी करून ऊस आणि गाई धरल्या आणि ते एका जागी स्थिरावलं.

आता जे सांगायचं ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर मी ते शेवटपर्यंत टाळीन. त्या मुलीची जन्मतारीख मी लिहिली होती, आणि खोटी लिहिली होती.

पंच्याण्णव सालचा जून. शाळेचा पट भरत नव्हता. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, आणि तो दुसरा शिक्षक मी. मुख्याध्यापक म्हणाले, वस्त्या पालथ्या घाला. मी घातल्या. एका दारात ही मुलगी कोंबडीच्या मागं पळत होती. तिच्या आईला विचारलं, केवढी आहे? ती म्हणाली, "पाडव्याला झाली, दिवाळीच्या. तवा आमी मेंढरांच्या तळावर व्हतो. आता पाचवं चालू हाय." पहिलीला सहा पूर्ण लागायची. मी रजिस्टर उघडलं आणि एक जून एकोणीसशे एकोणनव्वद असं लिहून मोकळा झालो. सरळ दीड वर्ष वाढवलं.

यात मी काही वेगळं केलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. आमच्याकडच्या कुठल्याही शाळेचं जुनं रजिस्टर उघडा, अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं सापडेल. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मास्तरला पट हवा असायचा, साहेबांना आकडे. त्या वर्षी मी अशी अकरा पोरं एका दिवशी जन्माला घातली. जागा वाचली. त्याच जागेवर बसून मी पुढची पुस्तकं वाचली आणि लोकशाही शिकवायला लायक झालो.

तर ही मुलगी बारावीला होती तेव्हा कागदावर सतरा वर्षांची, आणि खरी पंधरा. वर्गातल्या इतरांपेक्षा अंगानं लहान, पण डोक्यानं सगळ्यांच्या पुढं. तिला वकील व्हायचं होतं. बारावीनंतर लॉला जाता येतं हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं आणि पुण्यातल्या वसतिगृहाचा अर्ज वहीत घडी करून ठेवला होता.

त्या दिवाळीनंतर ती एकदा वाचनालयातल्या पेपरातली आतल्या पानावरची बातमी हातानं उतरवून घेऊन आली. बालविवाहाविरुद्धचं नवं विधेयक दोन वर्षांपूर्वी राज्यसभेत मांडलं गेलं होतं, समितीकडं जाऊन आलं होतं आणि आता पुन्हा निघणार होतं. तिनं विचारलं, "गुरुजी, हे आधी वरच्या घरात का मांडलं?"

मी खूश. मी फळ्यावर दोन घरं काढली. म्हणालो, लोकसभा पाच वर्षांनी किंवा त्याआधीही बरखास्त होते, आणि झाली की तिथं पडून असलेली विधेयकं मरतात. राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश माणसं जातात, तेवढी नवी येतात, घर उभंच असतं. म्हणून राज्यसभेत मांडलेलं आणि तिथंच असलेलं विधेयक सरकार पडलं तरी जगतं.

"म्हंजी लांबलं तरी मरत न्हाई," ती म्हणाली.

तिनं वहीच्या शेवटच्या पानावर एक उभी रेघ मारली आणि तिच्यावर पायऱ्या लिहिल्या. राज्यसभेतलं वाचन, मतदान, लोकसभा, सही, तारीख. डिसेंबरात राज्यसभेत विधेयक मंजूर झालं, तिनं खूण केली. त्याच महिन्यात लोकसभेनंही केलं, दुसरी खूण. जानेवारीत सही झाली. मी तिला त्यातला फरक समजावून सांगितला. जुना कायदाही अठराच्या आत लग्न लावणाऱ्याला शिक्षा सांगत होता, पण लग्न एकदा लागलं की लागलं. नव्या कायद्यात कोर्टाची मनाई मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरणार होतं. आणि लहानपणी लग्न लावलेल्या मुलीला, ती अठराची झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, ते लग्न रद्द करून मागता येणार होतं. तिनं सगळं लिहून घेतलं. शेवटच्या पायरीपुढं, तारखेपुढं, जागा मोकळी होती.

"कवा निघंल तारीख?"

"निघेल. सरकार ठरवतं."

हे सगळं ती परीक्षेसाठी करत नव्हती हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही असंही म्हणवत नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न दहावीच्या सुट्टीत झालं होतं, आणि घरी स्थळं येऊ लागली आहेत हे तिनं मला एकदा ओझरतं सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, तू अभ्यासाकडं लक्ष दे.

मार्चात परीक्षा झाली आणि एप्रिलच्या मध्याला ती कॉलेजात आली, एकटीच. स्टाफरूममध्ये मी पेपर तपासत होतो. म्हणाली, "जमलंय. वरवंडच्या बाजूचं हाय. दौंडला रेल्वेत परमनंट." मग उभ्या उभ्याच म्हणाली, "गुरुजी, तुमी लिवून द्या. मला सोळाच हायेत. आई म्हणती, वय तुमीच टाकलं व्हतं."

जे धडा म्हणून शिकवायला मला तीन आठवडे लागायचे, ते तिच्या घरी एका दुपारी उरकलं होतं. बघणं, चौकशी, याद्या, सुपारी, सगळं. आणि नवरी कुठं होती? चुलीपाशी, चहा गाळत.

मी तिला काय सांगितलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. शाळा सोडल्यावर रजिस्टरातली तारीख अशी बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडं जावं लागतं. पुरावा लागतो. प्रतिज्ञापत्र लागतं. तुझा जन्म तळावरचा, कुठल्या ग्रामपंचायतीत त्याची नोंद नाही. सगळं खरं होतं. जे सांगितलं नाही ते एवढंच, की पुरावा तिच्यासमोर खुर्चीवर बसला होता. मी एका कागदावर लिहून दिलं असतं की ही तारीख मी पट भरायला मनानं घातली, तर माझी खातेनिहाय चौकशी लागली असती. बाकीची दहा पोरंही उघडी पडली असती, असं मी स्वतःला सांगत होतो. पण खरं सांगायचं तर त्या दहांची मला काही पडलेली नव्हती. मला माझी नोकरी दिसत होती.

"बघतो," मी म्हणालो. "तुझ्या वडलांशी बोलतो."

विधेयक समितीकडं पाठवलं की विषय मिटला असं ज्यांना वाटतं, त्यांच्यावर मी वर्गात तोंडसुख घ्यायचो.

मी गेलो मात्र. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोटारसायकलवरून त्यांच्या वस्तीवर गेलो. बापाला मी आप्पा म्हणायचो, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. शांत माणूस, दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही. त्याला वाईट माणूस ठरवता आलं असतं तर मला फार बरं झालं असतं. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. मी कायदा काढला. अठराच्या आत लग्न म्हणजे गुन्हा, नवा कायदा तर आणखी कडक येतोय.

"गुरुजी, कायदा मोडायचाच न्हाई आपल्याला," तो म्हणाला. "म्हणून तर आधी दाखला बघितला." घरात जाऊन त्यानं पत्र्याच्या पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला आणला. चौथीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. "ह्ये बघा. एक जूनला अठरा पुरी व्हत्यात. तसाबी सतरा मेपासनं धोंड्याचा महिना लागतोय, त्यात कुणी लगीन धरत न्हाई. धोंडा सरला की जूनच्या अखेरीला, आखाडाच्या आत. सगळं नियमात."

धोंडा तीन वर्षांनी एकदा येतो. त्या वर्षी तो नेमका माझ्या खोट्या तारखेला मदत करायला आला होता.

दारात आई उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, दिवाळीची हाय ती. तुमाला ठावं हाय. तुमीच इचारलं व्हतं."

"तू गप," आप्पा म्हणाला, पण रागानं नाही. "तुला तर तुझं वय सांगता येत न्हाई. कागुद खोटं बोलतो का?" आणि दाखला माझ्यापुढं धरून त्यानं अगदी आदरानं विचारलं, "गुरुजी, अक्षर तुमचंच न्हवं?"

मुलगी आईच्या मागं होती. चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होता, चौकटीवर धरलेला.

अक्षर माझंच होतं, ती चौथी झाली तेव्हा दाखलाही रजिस्टर बघून मीच भरला होता. वळणदार, तारीख अंकात आणि अक्षरांतही. त्या वेळी माझ्या हस्ताक्षराची आसपासच्या सगळ्या शाळांत तारीफ व्हायची. मी दाखला हातात घेतला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "हो. कागदानं बसतंय."

चहा झाला. मी तिला काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, लग्नानंतरही शिकता येतं बाहेरून, मी नाही का शिकलो. ती कपबशा उचलून आत गेली. भेकड माणसाचा उपदेश नेहमी असाच असतो, आपलं उदाहरण देऊन.

बारावीचा निकाल लागला. राज्यशास्त्रात ती कॉलेजात पहिली आली. कायदा तयार होण्याच्या पायऱ्या लिहा, हा प्रश्न त्या वर्षी सक्तीचा होता.

लग्नाला मला बोलावणं होतं, आणि मी गेलो, कारण न जाणं म्हणजे काहीतरी कबूल करणं झालं असतं. मांडवात मला पुढं बसवलं. टॉवेल, टोपी, नारळ देऊन सत्कार केला. आमच्याकडं लग्नात पुढारी येऊन माइकवरून आशीर्वाद देतात. तसे एक आमदार गाडीतून उतरले, दोन मिनिटं बोलले. आपल्या राज्यालाही दोन सभागृहं आहेत आणि ते वरच्या सभागृहातले. त्यांना काय दोष द्यायचा? त्यांनी कुठल्या कायद्याला हात वर केला असेल तर तोही कागद बघूनच. पाठोपाठ माइक माझ्याकडं आला. मी म्हणालो, ही माझी हुशार विद्यार्थिनी, दोन्ही घरांचं नाव काढील. टाळ्या पडल्या. अक्षता पडल्या. तिनं वर बघितलं नाही.

नव्या कायद्याची तारीख निघाली ती नोव्हेंबरात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. राज्यसभा, लोकसभा, राष्ट्रपती, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि तो कायदा न्हावऱ्याच्या एका वस्तीवर, पत्र्याच्या पेटीतल्या एका कागदाला अडून मेला. मी शिकवलेल्या पायऱ्यांत ही पायरी नव्हती.

कॉलेजात परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांना या कायद्याची माहिती द्यावी, असा आदेश. साहजिकच ते काम माझ्याकडं. भाषणाच्या तयारीसाठी मी कायद्याची प्रत मागवून पूर्ण वाचली, आणि तिसऱ्या कलमाशी थांबलो. कायदा येण्याआधी झालेली लग्नंही त्यात धरली होती. आधी झालेलं असो की नंतर, लहानपणी झालेलं लग्न ती मुलगी अठराची झाल्यावर दोन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकते. मी ते कलम तीनदा वाचलं. राज्यसभा आणि लोकसभा मिळून तिच्यासाठी एक दार उघडं ठेवून गेल्या होत्या. फक्त ती त्या दारात गेली, तर तिला पहिला प्रश्न येणार वयाचा, आणि कागदावर ती लग्नाच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण झालेली. म्हणजे दाराची किल्ली माझ्याकडं होती. मी कॉलेजच्या सभागृहात भाषण चांगलं केलं. तिसऱ्या कलमाबद्दल बोललो नाही. तिला पत्रही लिहिलं नाही.

दोन हजार नऊच्या लोकसभेला माझी निवडणुकीची ड्यूटी दौंडला लागली. रेल्वे कॉलनीजवळच्या शाळेतलं केंद्र. मतदारयादी माझ्यापुढं. ओळखपत्र बघायचं, नाव शोधायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं. मग मागं बसलेले पक्षांचे एजंट आपापल्या यादीत खूण करणार आणि माझ्या शेजारचा बोटाला शाई लावणार. एप्रिलचं ऊन, पंखा बंद, रांग दारापर्यंत.

अकराच्या सुमाराला माझ्यापुढं ओळखपत्र आलं आणि मी वर न बघता नाव वाचलं. मग बघितलं. डोईवर पदर, कडेवर वर्षाचं पोर. वाळली होती. मी हळूच विचारलं, "पुढं शिकलीस का?"

"न्हाई," ती म्हणाली. आणि मग यादीकडं हात करून, "गुरुजी, वय किती लिवलंय तिथं?"

"एकोणीस."

"मला गेल्या दिवाळीला अठरा झाली."

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण खोली लहान होती. मागचा एक एजंट म्हणाला, "वैनी, आत्तापासनंच वय चोरायला लागल्या व्हय?" सगळे हसले. शाई लावणारा हसला, दारातला पोलीसही हसला. ती हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी तरी सांगा की, गुरुजी."

मी मनात हिशेब केला. अठरा आणि दोन. तिच्याकडं अजून दीड वर्ष होतं. ते कलम तिला ठाऊक असायला हवं होतं, तिनंच तर ते माझ्याकडून लिहून घेतलं होतं. पण आपलं लग्नही त्यात बसतं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगू शकणारा माणूस तिच्यासमोर दोन हातांवर बसलेला होता. एक वाक्य पुरलं असतं. संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर ये, एवढंसुद्धा पुरलं असतं.

"पुढं चला," मी म्हणालो. "रांग खोळंबलीय." आणि पुढचा अनुक्रमांक वाचला.